शून्य मिनिटांची प्लेट

प्लेटांचा डबा छातीशी धरून ती तळघराच्या दारात उभी होती, आणि पहाऱ्यावरचे घड्याळकाका चष्मा शोधत होते. चष्मा कपाळावर होता!

"काका, द्या ना वही इकडे."

"थांबा ताई. नियम म्हणजे नियम. नाव, खोली, बाहेर पडल्याची वेळ."

तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आत किरणांच्या यंत्राने प्लेटांमधल्या उंदराच्या पेशींचा डीएनए नुकताच तोडला होता. तुटलेल्या टोकाशी आधी एक प्रोटीन धावून येतं, तेच दुसऱ्याला बोलावून घेतं आणि मग टोकं सांधायला लागतात, एवढंच तिला दाखवायचं होतं. पेशी जागच्या जागी थांबवणारा द्रव विषारी, म्हणून तळघरात आणायला बंदी. मग काय, पळा चार मजले! तिने नेहमीसारखं 'दहा पाच' खरडलं आणि सुटली.

दुपारी वर तिच्या पीएचडीच्या सरांनी तीन वर्षांचे फोटो टेबलावर पसरले होते. "ही बघ शून्य मिनिटांची प्लेट, म्हणजे किरण बंद होताच पेशी थांबवलेली. यात फक्त पहिलं प्रोटीन. आणि हीसुद्धा शून्य मिनिटांचीच, यात दोन्ही! पेशी त्याच, हात तोच, मग उत्तरं दोन कशी? शुक्रवारपर्यंत कारण सांग. नाहीतर विषय बंद. नवा घे, पहिल्यापासून."

पहिल्यापासून! परवाच आईने फोनवर विचारलं होतं, "अगं, झालं का तुझं ते तुटकं सांधून?" आता तिला काय सांगायचं, कपाळ?

चिडून फोटो गोळा करताना एकदम तिच्या डोक्यात आलं, शून्य मिनिटं शून्य नव्हतीच मुळी! दारात काका कधी दोन मिनिटं अडवायचे, कधी नऊ. तेवढ्यात दुसरं प्रोटीन येऊन बसत असणार. किरण कधी बंद झाले, ते यंत्र चिठ्ठीवर छापून द्यायचं. चिठ्ठ्या तिच्या वहीत चिकटवलेल्या होत्या. दारातून सुटल्याची वेळ मात्र काकांच्या वहीत, आणि तिथे तीन वर्षं तिने स्वतःच्या हाताने थापा लिहिल्या होत्या. काय म्हणावं या अकलेला!

तरी फोटो आणि आपली वही घेऊन ती धावत खाली गेली आणि काकांकडून जुन्या वह्या मागून घेतल्या. तिच्या प्रत्येक 'दहा पाच'वर तांबडी रेघ होती. शेजारी बारीक अक्षरात दहा चौदा, दहा सात, दहा पंधरा.

"हे कोणी केलं?"

"कोण करणार? मीच!" काका उखडले. "तीस वर्षं कारखान्यात टाइमकीपर होतो. खोटी वेळ बघवत नाही मला. तुम्ही ठोकून देणार आणि मी निस्तरत बसणार!"

तिथेच जमिनीवर बसून ती चिठ्ठ्या जुळवत गेली. दोन्ही प्रोटीनं दिसलेल्या प्लेटा आठ-नऊ मिनिटं अडकलेल्या. एकटं पहिलं दिसलेल्या दोन-तीन मिनिटांत सुटलेल्या. एकही चुकत नव्हती. तिला रडू फुटलं.

काका गडबडले. मग त्यांनी आजची वही तिच्यापुढे सरकवली. "रडा खुशाल. पण आधी नोंद करा."

तिने डोळे पुसले, भिंतीवरच्या घड्याळाकडे नीट बघितलं आणि लिहिलं, चार बावीस.