सगळ्या कृत्तिका एकदम

मी एक जुनी नेत्रिका आहे, आणि आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. लावा पैज! नेत्रिका म्हणजे दुर्बिणीला जिथे डोळा लावतात तिथलं भिंगांचं डबडं. माझं डबडं पितळेचं, तोंड चांगलं रुंद. शेजारी याच डब्यात आणखी एक आहे, अंगठ्याएवढी. ती मधेच कुरकुरेल. तिच्याकडे लक्ष देऊ नका, मित्रांनो. बारकीला पहिल्यापासून फार थोडं दिसतं.

माझा जन्म विलायतेतला. लढाईसाठी मला घडवलं आणि एका रणगाड्याच्या डोळ्यात बसवलं. माझ्यातून इतकं रुंद दिसे, की ब्रह्मदेशात एका गोलंदाजाला डाव्या कडेला शत्रू दिसला आणि उजव्या कडेला स्वतःच्या घरी भाकरी थापणारी बायको. त्या दिवशी त्याने तोफ फार जपून उडवली. पुढे लढाई संपली, रणगाडा मोडीत निघाला, आणि अब्राहाम नावाच्या फिटरने साहेबाला विचारून भंगारातून मला उचललं. माझ्याबरोबर आणखी एक लखलखीत नेत्रिका उचलली. 'जिवंत परतलो तर घरी नेईन ते देवाला वाहीन,' असं तो बोलून बसला होता. तो जिवंत परतला.

त्याचं गाव तिसगावच्या बाजूला. तिथे त्याचा चुलतभाऊ दानीएल मिशनच्या शाळेत मास्तर होता. मास्तरांनी एका जुन्या कॅमेऱ्याचं मोठं भिंग आणि पत्र्याची नळी जोडून दुर्बीण केली होती. डोळ्याच्या बाजूला मात्र बारकी. तीही शाळेतल्या मोडक्या सूक्ष्मदर्शकातून काढलेली. शहरातल्या दुकानातली रुंद नेत्रिका मास्तरांच्या पगारात बसत नव्हती.

ही सगळी खटपट त्यांच्या दीनासाठी होती. दीना पंधरा वर्षांची. पाठीच्या कण्याला क्षय झालेला, त्यामुळे पडवीत वेगळ्या बाजेवर सदा उताणी. भावंडांना तिच्याजवळ जायची बंदी होती. संध्याकाळी पूर्वेला कृत्तिकांचा झुबका वर आला की मास्तर नळी तिच्या डोळ्याशी आणत. बारकीतून एका वेळी एकच तारा दिसे, आणि नळी जरा हलली की तोही जाई.

"बाबा, पळाली," दीना म्हणे.

"थांब, धरून आणतो."

"एकेकटी नको. एकटी तर मीच हाये. मला त्या साऱ्या बहिणी एकदम बघायच्यात, जवळजवळ बसलेल्या."

डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला नेऊन सांगितलं होतं, की दीना नाताळ काही बघायची नाही.

अशात कापणीचा सण आला. त्या दिवशी ख्रिस्ती घरं बाजरी, भोपळे, कोंबड्या, काय असेल ते देवापुढे ठेवतात आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव होतो. त्यातली एक जुनी रीत फार गोड आहे. लिलावात घेतलेली वस्तू घेणारा पुन्हा देवाला देतो, आणि ती पुन्हा पुकारली जाते. एकेक अंडं दहा घरं फिरतं आणि शेवटी कोंबडीपेक्षा महाग पडतं. मास्तर तर दरवर्षी काहीतरी घेत आणि लगेच म्हणत, "परत देवाला!" सगळं गाव त्या शब्दांची वाट बघे.

अब्राहामने त्या लिलावात आम्हा दोघींना, मला आणि त्या लखलखीत नेत्रिकेला, भोपळ्याशेजारी ठेवलं. मास्तर दुर्बिणीची नळी घेऊनच आले होते. दोघींना घेण्याची ऐपत नव्हती. त्यांनी आळीपाळीने आम्हाला नळीत बसवून दूरच्या चिंचेकडे पाहिलं.

पुकारा करणारा याकोब म्हणाला, "मास्तर, ती लखलखीत घ्या. चांद बैलगाडीच्या चाकाएवढा दिसंल."

"तिच्यात पान मोठं दिसतं, याकोबा. मला पुरं झाड पाहिजे." मास्तरांनी मला उचललं. "हिच्यात झाड हाय, झाडावरची घार हाय, खालच्या शेळ्या पन हायेत."

मित्रांनो, आयुष्यात कुणी मला इतकं नीट ओळखलं नाही.

मास्तर बोली चढवत गेले. त्यांची बायको दयाबाई श्वास रोखून उभी होती. एक वार, दोन वार, तीन वार! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मास्तरांचा चेहरा फुलला, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांची जीभ बोलून गेली, "परत देवाला!"

झालं. टाळ्या दुप्पट वाजल्या. दयाबाईने तोंडावर पदर धरला. मास्तरांच्या खिशात आता काही नव्हतं, आणि वाहिलेलं मागे मागायचं कसं? कोंबड्यांसाठी आलेल्या सहादेवने मला घेतलं. त्याला घोडेगावच्या बाजारात बैल विकायचा होता. कपाळावर असं चकचकीत भिंग बांधलं की गिऱ्हाईक लांबूनच वळेल, हा त्याचा हिशोब.

घरी दयाबाई एवढंच म्हणाली, "चारचौघात उदार झालात. आता पडवीत जाऊन तिला तुमीच सांगा."

मास्तरांनी तिला सांगितलं नाही. लाजेपायी ते सहादेवकडेही गेले नाहीत. दीनाला बोलायलाही त्रास व्हायला लागला, तेव्हा गेले. तोवर सहादेव बैल घेऊन बाजाराच्या वाटेला लागला होता. मास्तरांनी धावत जाऊन त्याला वाटेत गाठलं आणि ते रडले.

सहादेव कपाळावर हात मारून म्हणाला, "अवो मास्तर, तवाच बोलायचं की! मी काय बैलाला तारे दावनार हुतो?"

त्याने तिथल्या तिथे मला सोडलं. मास्तर मला मुठीत धरून दिवस मावळायच्या आत पडवीत पोचले. त्यांनी मला नळीत बसवलं. अंधार पडल्यावर दीनाने डोळा लावला, आणि बघा, साऱ्या कृत्तिका एकदम! मधल्या, कडेच्या, ज्यांना नावंही नाहीत त्यासुद्धा. कुणी पळाली नाही. दीना हसली. म्हणून मित्रांनो, भिंगाला बोट लावू नका, मऊ फडक्याने पुसा, आणि आपल्या माणसाला जे मनापासून हवं आहे ते हाती आलं की आधी त्याच्या हातात ठेवा. देव थांबतो. त्या रात्री दीना साऱ्या बहिणींना एकेक नाव देत...

"खोटं!"

बारकी बोलली. मी म्हटलं होतं ना, कुरकुरेल म्हणून.

"साफ खोटं. मास्तर वाटेत कुठं गाठताहेत? ते सहादेवच्या घरी पोचले तवा तू बाजारात बैलाच्या कपाळावर चमकत हुतीस. सहादेवनं तुला परत आणलं तवा अब्राहाम अंगणात दीनाच्या मयताच्या पेटीच्या फळ्या ठोकत हुता. मास्तर रिकाम्या हातानं परतले त्या संध्याकाळी नळीत मी हुते. तिला एकच तारा दिसला. मास्तर दुसरा धरायला नळी हलवाया लागले, तर तिनं त्यांचा हात धरला. म्हनाली, 'ऱ्हाऊ द्या बाबा. ही पन एकटीच हाय. हिच्यापाशी थांबते मी.'"