शाल चुकीच्या खांद्यावर

मित्रांनो, मी एक जुनी मोर्सची कळ आहे, कट्ट-कडकट्ट वाजवून निरोप धाडणारी. अंग पितळेचे, वर काळी गुंडी. कळ लावणाऱ्यांतली नव्हे, कळवणाऱ्यांतली! आज माळ्यावर पडले आहे, पण राग काही उतरलेला नाही.

भंगारात काढलेल्या एका जहाजाबरोबर मी मुंबईच्या दारूखान्यात, जहाजे मोडतात त्या धक्क्यावर आले. तिथून मला अरुणाताईंनी उचलले. त्या वाशीला राहत, तार ऑफिसात नोकरी करत आणि घरचे आवरले की हौशी रेडिओवर, म्हणजे हॅमवर, मला वाजवत दूरदूरच्या लोकांशी बोलत बसत. लायसन त्यांच्या नावावर, सेट त्यांनीच जोडलेला. त्यांचे यजमान मधुकरराव तळोज्याला कारखान्यात. त्यांना कट्ट कुठले आणि कडकट्ट कुठले, हेही कळत नसे.

आमच्या बोलीत सगळे थोडक्यात. 'सीक्यू' म्हणजे कुणी आहे का, बोला. 'क्यूटीएच' म्हणजे ठिकाण. 'सेव्हंटी थ्री' म्हणजे शुभेच्छा. पलीकडे जो असेल तो 'ओएम', म्हणजे ओल्ड मॅन, आपला गडी. बाईसाठी 'वायएल' आहे, यंग लेडी. पण कळीवर आवाज ओळखू येत नाही, मग न विचारताच सगळे गडी!

एका वर्षी कोकणात वादळ झाले. तारा तुटल्या, फोन बंद. एका बंदरगावातून रेडिओवर हाक आली, साप चावलेल्यांसाठी लस हवी. ताईंनी निरोप घेतला, तोच परत वाजवून खात्री केली आणि मुंबईच्या इस्पितळाला फोन केला. लस पोचली, माणसे वाचली. तिकडचा गडी म्हणाला, 'थँक्यू ओएम.' वर्तमानपत्रालाही त्याने तेच सांगितले, वाशीच्या एका सद्‌गृहस्थाने आमची माणसे वाचवली!

बातमी वाचून आमच्या सोसायटीने सत्कार ठरवला. मधुकररावांचा!

"अहो, सांगा ना त्यांना," ताई म्हणाल्या.

"जाऊ दे ग. फलक रंगवून झालाय. आता कशाला टेन्शन?"

सत्काराच्या दिवशी बझर जोडून मला टेबलावर मांडले. चेअरमन बाजीरावसाहेबांनी मधुकररावांना शाल घातली. "मेसेज कसा पाठवता, जरा दाखवा की आमाला!"

 मधुकररावांनी गुंडीवर बोट दाबले आणि एक लांबलचक पीऽऽ काढले. टाळ्या पडल्या. अहो, टाळ्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेव्हा अरुणाताई उठल्या. नवऱ्याचे बोट बाजूला करून, मनगट सैल सोडून त्या वाजवू लागल्या. बाजीरावसाहेबांनी मान पुढे केली.

"वहिनी, हे काय वाजवलंत?"

"ओएम नाही, वायएल. तो निरोप मी घेतला होता."

बाजीरावसाहेब हसले. "एकाच घरात गेली ना शाल? त्यांनी घेतली काय नि तुमी घेतली काय!"

"मग पुढच्या वादळात यांनाच उठवा," ताई म्हणाल्या आणि मला उचलून चालू लागल्या. मधुकररावांनी शाल काढून तिची घडी केली, पण ती कुणाला द्यावी हे त्यांना सुचेना.

मित्रांनो, मला पुसून ठेवा, नाहीतर नका ठेवू. धूळ मी सोसते. पण कुणाला हार घालण्याआधी काम कुणाच्या हातून झाले, एवढे तरी विचारा. विचारायला काय जीभ झिजते?