हार्टझेलच्या पाणचक्कीवरचं शिंग

पेनसिल्व्हेनियाच्या दक्षिण सीमेवर, १८५१ च्या सप्टेंबरात, भरदुपारी तमारला मक्याच्या शेतातून धरून नेलं. मेरीलँडच्या मालकाकडून पळून आलेली ती गुलाम, चार वर्षं इथे स्वतंत्र बाईसारखी राबत होती. मालकाचा मुलगा आणि सरकारी मार्शल तिला गाडीत बांधून मेरीलँडकडे निघाले. वाटेत हार्टझेलची पाणचक्की होती, वर तिचा अडवलेल्या पाण्याचा तलाव आणि खाली ओढा ओलांडायचा उतार.

मागून अ‍ॅब्सलम पेटीफर्ड आला. तो काळा चांभार, बरोबर बंदूकवाले सहा शेजारी. मार्शलने पिस्तूल तमारच्या कानाला लावलं. सगळे जागीच थांबले.

"हार्टझेल, आता तरी काही करा!" अ‍ॅब्सलम ओरडला.

"तुझ्या बंदुकांनीच ही वेळ आणली," पाणचक्कीवाला म्हणाला. "मी कुणाच्याच बाजूचा नाही."

"बाजूचा नाहीस?" मार्शल म्हणाला. "पळालेले गुलाम धरायला मदत करायची, असा कायदा आहे, म्हाताऱ्या. घोड्यांचा लगाम धर, पलीकडे नेऊन सोड. नाहीतर तुरुंगात चल."

हार्टझेलने तमारकडे पाहिलं. दर शनिवारी ती त्याच्याकडे मका दळायला आणायची.

"लगाम नाही धरणार," तो म्हणाला. "मला तलावाचं दार उघडायचंय."

त्याने चक्कीच्या भिंतीवरचं शिंग काढून तीनदा फुंकलं आणि तलावाचं दार वर ओढलं. अ‍ॅब्सलमची माणसं झटकन काठापासून मागे सरली.

मालकाचा मुलगा खिदळला. "शिंगाला घाबरले शूरवीर! हाक गाडी."

गाडी उताराच्या मध्यावर आली तेव्हा पाणी पोहोचलं. घोडे बिथरले, चाकं वाळूत रुतली, मार्शल पिस्तुलासकट पाण्यात पडला. अ‍ॅब्सलमने कमरेएवढ्या पाण्यात शिरून तमारचे दोर कापले. तिला उचलून काठावर आणलं. त्याच्या माणसांनी बंदुका रोखल्या होत्या, पण एकही उडवावी लागली नाही.

"हे बंड आहे!" पलीकडच्या काठावरून निथळत मार्शल ओरडला.

"शिंग फुंकलं होतं, साहेब," हार्टझेल म्हणाला. "ते ऐकलं की उतार सोडायचा, हे इथे पोराटोरांनाही ठाऊक आहे."

"पुढच्या वेळी आम्ही पलटण आणू!" मालकाचा मुलगा म्हणाला.

हार्टझेल अ‍ॅब्सलमकडे वळला. "एखादी जास्तीची बंदूक आहे का रे?"

"तुम्हाला धरता येईल का?"

"शिकव."

तमारला या कायद्याच्या हद्दीबाहेर, कॅनडाकडे न्यायला दुसरी गाडी जोडून तयार होती. चढण्याआधी तमारने हार्टझेलच्या हातातलं शिंग घेतलं आणि छाती फुगवून फुंकलं. खोऱ्यातली निम्मी घरं बाहेर येऊन आनंदाने ओरडू लागली. निम्म्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

तमारने पुन्हा फुंकलं, लावलेल्या खिडक्यांकडे तोंड करून.