पिवळे गोळे

मॅडमनी भाचीला सांगून ठेवलं होतं, की या वेळची खेप कंपनीच्या तपासणीत पास झाली की लॅब तुझी. एवढ्या एका वाक्यावर ती पोरगी वर्षभर राबली. आईबाप लहानपणीच गेलेले, आत्यानं वाढवलेली. वाढवलं म्हणजे खाऊपिऊ घातलं, शिकवलं, पण पाठीवरून हात फिरवलेला मी तरी कधी पाहिला नाही. लॅबमध्ये आत्या म्हणायची सोय नव्हती. तिथे मॅडम.

मी तिथे खाद्य बनवायचे, पेशींचं. साखर, क्षार, जीवनसत्त्वं पाण्यात ढवळायची आणि सगळं बाटल्यांत थिजवायचं. सदाफुलीच्या पानाचा तुकडा त्यावर ठेवला की त्याचं पानपण जातं आणि नुसता पेशींचा गोळा वाढत राहतो. त्या गोळ्यांतून एक अल्कलॉइड निघायचं, लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरच्या औषधासाठी. त्या मुलांचं नाव मात्र आमच्याकडे कोणी काढत नसे.

मॅडमचा वाण एका रानटी झुडपाचा होता. तसं दुसरं त्यांना पुन्हा मिळालं नाही, आणि ते मूळ झुडूप रस्ता रुंद करताना केव्हाच उखडलं गेलं. उरले ते बाटल्यांतले गोळे. दर महिन्याला ते नव्या खाद्यावर हलवायचे. सगळे हलवता येत नाहीत. काही उचलायचे, बाकीचे टाकायचे. भाचीनं सुरुवातीलाच विचारलं होतं, "कुठले उचलू?"

"चांगले उचल," मॅडम म्हणाल्या. "एवढंही मीच सांगायचं?"

आता चांगला म्हणजे कसला? भाचीनं डोळ्यांना दिसलं तसं केलं. पांढरेशुभ्र, भुसभुशीत, टरारून वाढणारे गोळे ती जपून चिमट्यानं उचलायची आणि पिवळट, टणक, रुसल्यासारखे बसलेले टाकून द्यायची. तिच्या बाटल्या इतक्या देखण्या झाल्या, की कामाशी संबंध नसलेली माणसंही थांबून बघत. आणि औषध होतं ते नेमकं त्या पिवळ्यांत. या वाणात जो गोळा वाढण्यात दंग, तो अल्कलॉइड बनवायच्या फंदात पडत नाही. पोरीनं दर महिन्याला औषध फेकलं आणि भुसा सांभाळला. अल्कलॉइड मोजायचं यंत्र मॅडमच्या खोलीत, आणि आकडे विचारले की उत्तर ठरलेलं, "तू तुझं काम कर."

कंपनीचा माणूस आला त्या दिवशी भाची इस्त्रीची साडी नेसून आली होती. त्यानं स्वतःसमोर यंत्रावर नमुना लावून घेतला. खेपेत अल्कलॉइड जवळजवळ नव्हतंच. तो पुन्हापुन्हा कागद आणि बाटल्या बघत राहिला.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "देवानं हिला डोळे दिले, डोकं द्यायचं राहून गेलं. मीही नातं बघितलं, काम बघितलं नाही." भाची मान खाली घालून उभी होती, आणि मॅडम थांबल्या नाहीत. हिच्या आईचंही असंच होतं, म्हणाल्या. हात लावेल तिथे वाटोळं. कंपनीचा माणूस अवघडून खिडकीबाहेर बघायला लागला. मग मॅडमनी त्याला धीर दिला, "काळजी करू नका. माझ्या हातचा वाण मी वेगळा ठेवलाय. जेवून येऊ, मग घेऊन जा."

त्याला पुढे पाठवून मॅडम बाटल्या धुण्याच्या खोलीत आल्या. मी तिथेच होते, पण मी असले काय नि नसले काय. भाचीला म्हणाल्या, "माझ्या कपाटातल्या बाटल्या ट्रॉलीवर काढून ठेव. आणि तुझा तो कचरा ऑटोक्लेव्हमध्ये उकळून टाक."

"तुम्हाला कधी कळलं?" भाचीनं विचारलं.

"दुसऱ्याच महिन्यात."

"मग सांगितलं का नाही?"

"बघत होते, तुला कळतं का. नाही कळलं." दारात थांबून त्यांनी आणखी एक सांगितलं, "आणि लॅब तुला द्यायचं माझ्या मनात कधीच नव्हतं. त्या आशेवर कामाला जुंपलेली राहिलीस, तेवढं बरं झालं."

मला त्या बाईच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. भाची रडली नाही. तिनं आधी स्वतःच्या बाटल्या ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे आमच्या त्या भल्यामोठ्या प्रेशर कुकरच्या, जाळीत रचल्या. मग मॅडमच्या बाटल्या आणल्या, त्या पिवळ्या, टणक गोळ्यांच्या, आणि त्याही एकेक करून आत ठेवल्या. झाकण आवळून माझ्याकडे बघितलं.

"काही म्हणायचंय?"

"मला काय म्हणायचंय," मी म्हणाले. त्या वाणाबरोबर मॅडमची लॅब जाणार होती, माझी नोकरी जाणार होती, आणि कुठल्याशा वॉर्डातल्या पोरांचं काय जाणार होतं ते मी तेव्हा मनात येऊच दिलं नाही. तिनं बटण दाबलं.

मॅडम परतल्या तेव्हा ट्रॉली रिकामी होती. त्यांनी ट्रॉलीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि थेट झाकणावर झडप घातली.

"वाफ आहे आत," भाची म्हणाली. "दाबाचा काटा शून्यावर येऊ द्या, नाहीतर तोंड भाजेल."

म्हणून मॅडम उभ्या राहिल्या. दुसरा इलाजच नव्हता. काटा त्याच्या चालीनं उतरत होता आणि त्यांचे ओठ नुसते हलत होते. झाकण उघडलं तेव्हा उकडलेल्या पाल्याचा वास सुटला. गोळ्यांचा सगळा लगदा झाला होता. पांढरे कुठले, पिवळे कुठले, ओळखू येत नव्हतं.

तेवढ्यात कंपनीचा माणूस आत आला. "काय झालं?"

"मॅडमनी चुकून ही ट्रॉलीही आत घालायला सांगितली," भाची अगदी मायेनं म्हणाली. "अलीकडे होतं असं त्यांचं. आम्ही सांभाळून घेतो."

मॅडमनी तोंड उघडलं. खरं काय ते सांगायला गेल्या असत्या, तर कंपनीची खेप वाया जातेय हे आपल्याला दुसऱ्या महिन्यापासून ठाऊक होतं, तेही सांगावं लागलं असतं. त्यांनी तोंड मिटलं आणि माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माझ्याकडे काहीतरी मागत होत्या.

"तुम्ही होतात ना इथे?" त्या माणसानं मला विचारलं.

"होते की," मी म्हणाले. "मॅडमनीच सांगितलं."

सकाळपासून मॅडम, मॅडम करणाऱ्या त्या माणसानं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, त्यांच्या कोपराला धरलं आणि म्हणाला, "बसा हो मावशी. बसा जरा."

आणि मॅडम बसल्या.