साठ अंशांवरची टाकी

दादानं घरच्या कारखान्यातली तिची प्रयोगशाळा काढून घेतली ती भांडून नव्हे, चहा पिता पिता. "वहिनीचा भाऊ रिकामा बसलाय. त्याला अर्काचं बघू दे, तू पॅकिंगला लक्ष घाल," म्हणाला आणि बिस्कीट बुडवलं. औषधी पाल्यातला गुण जास्तीत जास्त अर्कात कसा उतरवायचा, याची रीत तिनं टाक्यांपुढे वर्षानुवर्षं उभं राहून बसवली होती. आता ती डब्यांवर लेबलं चिकटवू लागली. वाद घातला नाही. सगळं मनात जमा करून ठेवलं, व्याजासकट.

वहिनीच्या भावाला कामगार पाठीमागे 'उकळ्या' म्हणत. चहा असो की जुना विषय, उकळल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. पण कामात आळशी, म्हणून टाकी तिच्याच रीतीनं साठ अंशांवर चालू होती. माल उत्तम निघायचा, शाबासकी त्याला. त्याची एक खोड मात्र तिनं हेरली होती: ती खिडकी उघडा म्हणाली की तो लावून घ्यायचा. ही बाई आपल्याला पाडायला टपलीय, अशी त्याची खात्री होती. तशी ती होतीच.

मोठं गिऱ्हाईक नमुना तपासायला येणार, त्याच्या आदल्या सकाळी ती दादाला घेऊन टाकीपाशी गेली.

"भाऊसाहेब, साठच्या वर नेऊ नका हं. अर्क वजनाला जास्त भरेल, रंगही गडद येईल, पण गुण जळून जाईल," ती उकळ्याला म्हणाली.

"एवढी काळजी, ताई?" तो हसला. "माल जास्त निघाला तर पोटात दुखेल, असं सरळ सांगा की."

"दादा, ऐकलंस ना? मी सांगितलंय."

"अगं, त्याचं त्याला कळतं."

ती गप्प बसली असती, तर टाकी साठवरच राहिली असती. दुपारी पॅकिंगपर्यंत करपट वास आला. तिचं एकही लेबल वाकडं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाच्या तपासनीस बाईंनी जांभळ्या द्रावणात अर्काचे थेंब सोडले. अर्कात गुण असेल तर जांभळा रंग विरून पिवळा पडतो. सगळे बाटलीकडे बघत बसले. उकळ्यानं ती उजेडात धरली, हलवली. जांभळं ते जांभळंच.

"आठवड्यानं पुन्हा येते," बाई म्हणाल्या. "तेव्हाही हेच असेल, तर आम्ही दुसरीकडे बघू."

संध्याकाळी दादा पॅकिंगमध्ये आला, पडेल चेहऱ्यानं.

"तू सांगितलं होतंस."

"हो."

"टाकी परत तूच सांभाळ. त्याला उद्याच घरी पाठवतो."

घरी गेला की वहिनी चार दिवस त्याला कुरवाळणार आणि प्रकरण मिटणार, हे तिला दिसत होतं.

"घरी कशाला?" ती म्हणाली. "राहू दे. माझ्या हाताखाली."

दादाचे डोळे पाणावले. "मन मोठं आहे गं तुझं."

"असू दे," ती म्हणाली, आणि टाक्या आतून घासायचा ब्रश कुठे ठेवलाय ते विचारलं.