परतीला दोघंच

गल्लीत तिला सगळे चष्मेवाली म्हणत. चौकाच्या कोपऱ्यावर तिचं दुकान होतं. पुढे फ्रेमांची कपाटं, मागे पडद्याआड डोळे तपासायची अंधारी खोली. सकाळी कुलूप काढल्यापासून संध्याकाळपर्यंत तिला मान वर करायची सवड नसे. त्यामुळे उन्हाळ्यात आठवडाभर दुकान बंद ठेवायचं तिने ठरवलं, तेव्हा गिऱ्हाइकांचं सोडा, नवऱ्यालाच ते आधी खरं वाटेना.

कारण होतं आईचं माहेर. आई मूळची सीमेपलीकडची. लग्न करून इकडे आली आणि इकडचीच होऊन गेली. वडील गेल्यावर लेकीने तिला आपल्या घरी आणलं होतं. तिकडे आता उरली होती फक्त तिची थोरली बहीण, तीही एकटी, आणि दृष्टी अधू होत चाललेली.

"ताईला एकदा डोळे भरून बघायचंय," आई म्हणाली.

विमानात तिचे कान फुटायला येत, आणि इतक्या लांबचा बसचा प्रवास या वयात नकोच. "मग आपलीच गाडी काढू," नवरा म्हणाला, आणि त्या दिवसापासून त्याच्या अंगात वारंच शिरलं.

नवरा पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होता. थेंबभर इकडेतिकडे झालेलं त्याला चालत नसे. जेवायच्या टेबलावर त्याने नकाशा पसरला, तो उचलायचं नावच नाही. ताटं नकाशावरच मांडायची. पलीकडे चालेल असा वाहन परवाना, गाडीचा तिकडचा विमा, गाडी नेऊन मुदतीत परत आणण्याची परवानगी, सगळ्यासाठी त्याने कार्यालयांचे उंबरठे झिजवले. सीमेपलीकडे रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने गाडी हाकायची असते, म्हणून रविवारी गोदामांमागच्या ओसाड रस्त्यावर तो त्याचा सराव करू लागला. आई हौसेने मागे बसायची.

"जावईबापू, पोचवाल तर खरं," ती म्हणायची, "पण माझ्या माहेरी की थेट माझ्या सासऱ्यांकडे, तेवढं आधी सांगा."

सासरे जाऊन जमाना झाला होता. तिघंही हसायचे. आईला इतकं खुललेलं चष्मेवालीने कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

पण काहीतरी खटकत होतं. जायच्या रस्त्याबद्दल आई खोदून खोदून विचारायची. परतीचा विषय निघाला की पाणी प्यायला उठायची. एक दिवस शेजारीण जिन्यात भेटली आणि म्हणाली, "तुमच्या आईंनी मला शिलाई मशीन दिलं. नको म्हटलं तरी ऐकेनात." चष्मेवालीने आईला विचारलं, तर ती म्हणाली, "धूळ खात पडलं होतं गं." मग एका दुपारी ट्रंकेतून आईचे स्वेटर आणि लोकरी शाल बाहेर आली. ऐन उन्हाळ्यात.

नवरा मुक्कामाच्या खोल्या ठरवत होता, तेव्हा सगळं उघडं पडलं. जाताना एक मुक्काम, येताना एक. "दोन्हीकडे मोठी खोली घेतो, तिघांची," तो म्हणाला.

आई शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "परतीला दोघांचीच घ्या. उगाच कशाला जास्तीची."

नवऱ्याला वाटलं, सासूबाई काटकसर करतायत. "अहो आई, तुम्हाला काय टपावर बसवू?" तो हसत म्हणाला. चष्मेवाली मात्र हसली नाही.

"तू परत येणार नाहीयेस," ती म्हणाली.

आईने हातातली शेंग सोलून पुरी केली. "सांगणारच होते. तिथे गेल्यावर."

"तिथे गेल्यावर? म्हणजे आम्ही तुला सोडायला चाललोय, आणि ते आम्हालाच माहीत नाही?"

नवरा हळूच उठून गॅलरीत गेला.

"इथे काय कमी पडलं तुला?" चष्मेवालीचा आवाज चढला. "औषधं, डॉक्टर, वेगळी खोली. कुणी काही बोललं का?"

"कुणी नाही. तुम्ही दोघं मला फुलासारखं जपता," आई म्हणाली. "पण सकाळी तुम्ही दोघं बाहेर पडलात की मी घड्याळाकडे बघत बसते. चहा करायला गेले तर तू म्हणतेस, राहू दे, भाजशील. तिकडे ताईला दिसत नाही. तिला चहा कोण देतं? आणि खरं सांगू? इथे मी सगळ्यांत मोठी. मला लहान म्हणणारं माणूस आता एकच उरलंय."

"आणि मी?"

शेंगांची टरफलं आईने मुठीने पेपरात गोळा केली.

दुसऱ्या दिवशी दुकानातूनच चष्मेवालीने मावशीला फोन लावला. तिला भांडायचंच होतं.

"मी नाही बोलावलं तिला, पोरी," मावशी म्हणाली. "मी तर नको म्हटलं. म्हटलं, तुझी लेक दुखावेल." मग हळूच म्हणाली, "पण ती येणार म्हटल्यापासून मी खिडक्या उघडायला लागले. इतके दिवस उघडतच नव्हते. आता तू म्हणशील तसं."

चष्मेवालीला भांडता आलं नाही, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. पडद्याआड एक गिऱ्हाईक हनुवटी टेकवून ताटकळत होतं. तिने त्याला तेच भिंग दोनदा लावून दाखवलं आणि विचारलं, कशातून बरं दिसतं. तो बिचारा गोंधळून गेला.

संध्याकाळी घरी येऊन तिने ते केलं, जे तिला स्वतःला कधी जमेल असं वाटलं नव्हतं. "गाडी न्यायची परवानगी नाकारली," ती आईला म्हणाली. "आता या वर्षी काही जमणार नाही."

नवऱ्याने चमकून तिच्याकडे पाहिलं. परवानगी त्याच्या पिशवीत होती. तो तोंड उघडणार, तेवढ्यात तिने त्याला नजरेनेच गप्प केलं.

आई म्हणाली, "बरं." एवढंच. तिने आदळआपट केली नाही की अबोला धरला नाही. भाजी चिरली, जेवली, ताट उचलून ठेवलं. त्यानंतरचे काही दिवस चष्मेवालीला घर अगदी पहिल्यासारखं वाटलं. नवरा मात्र तिच्याशी कामापुरतंच बोलत होता.

मग एका सकाळी दुकानात जाताना तिला बसस्थानकाबाहेर आई दिसली. चौकशीच्या खिडकीशी उभी. खिडकी उंच होती, म्हणून टाचा उंचावून, काचेला कान लावून ती आतल्या माणसाचं बोलणं ऐकत होती. "दोनदा गाडी बदलायची? आणि बॅग कोण उतरवून देतं?" ती विचारत होती. आतल्याने काहीतरी सांगितलं. तिने पुन्हा विचारलं. मागची रांग कुरकुरू लागली, तशी ती ओशाळली. पण खिडकी सोडली नाही.

आपण आईला थांबवलेलं नाही, नुसतं एकटं पाडलंय, हे चष्मेवालीला तिथे, भर रस्त्यात, कळलं. तिने जवळ जाऊन आईचा दंड धरला.

"चल घरी. परवानगी आलीय."

आईने तिच्याकडे नीट पाहिलं. "नाकारली कधी होती?"

"नाहीच."

"वाटलंच मला," आई म्हणाली, आणि लेकीच्या हाताला धरून रस्ता ओलांडू लागली.

त्यानंतरची तयारी चष्मेवालीने स्वतः केली. तीन महिने पुरतील एवढी औषधं बांधली. तिकडच्या डॉक्टरांशी मावशीकडून बोलून घेतलं. मावशीसाठी जाड भिंग बनवलं. हात चालायचे, पण मन थाऱ्यावर नसायचं. मध्येच आईवर खेकसायची आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडायची. परतीला दोघांचीच खोली ठरली.

आईला पोचवून ते परत निघाले. सीमेवरच्या अधिकाऱ्याने कागद चाळले, खाली वाकून मागच्या सीटकडे पाहिलं.

"जाताना तिघं होता."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं.

"आई माहेरी राहिली," चष्मेवाली म्हणाली. ते वाक्य बोलताना तिचा आवाज नको तितका मोठा झाला. अधिकाऱ्याने शिक्का मारला. पुढे बरंच अंतर नवरा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गाडी चालवत राहिला, आणि ती खिडकीबाहेर बघत राहिली.

दुकान उघडल्यावर पहिल्याच मोकळ्या वेळात तिने पडद्याआडच्या खोलीतून आईला फोन लावला. पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता, आणि मावशी कुणालातरी रागावत होती.

"नंतर कर गं," आई घाईने म्हणाली. "ताईच्या डोळ्यांत औषध घालायचंय, आणि ती म्हणते मला धड येत नाही."

फोन बंद झाला. चष्मेवालीला हायसं वाटलं, आणि वाईटही वाटलं; त्यातलं जास्त काय, ते तिला ठरवता येईना. बाहेर काउंटरवर कुणीतरी टकटक केलं. डोळे पुसून ती पडदा सारून पुढे आली.