ड्रेसिंगच्या खोलीतला फोन

आमच्या दवाखान्यात डॉक्टर दोन, नवरा आणि बायको, आणि कंपाउंडर एकटा मी. महिनाभर त्या दोघांचा अबोला चालला होता. कारण विचारू नका. मला दोघांनी दोन वेगळी सांगितली. टेबलं शेजारीशेजारी, तरी "काका, बाईंना सांगा", "काका, डॉक्टरांना सांगा", आणि मी अडकित्त्यातल्या सुपारीसारखा मधे. शिकलेल्या माणसांना धड रुसताही येत नाही.

त्या सकाळी दवाखाना उघडतोय तोच एक ट्रकड्रायव्हर दारात आला. आठवड्यापूर्वी साधा ताप म्हणून डॉक्टरांनी त्याला उघड्या हातांनी तपासलं होतं. आता हिरड्यांतून रक्त येत होतं, आणि त्याचा क्लीनर अशाच तापानं गेला होता. बाईंनी त्याला मास्क दिला, बाहेरूनच मागच्या खोलीत बसवलं आणि मोठ्या इस्पितळाची गाडी मागवली. हॉलमधल्या कुणाला त्याचा वारासुद्धा लागू दिला नाही.

इकडे डॉक्टर उठले, तोंडाला मास्क लावला, ड्रेसिंगच्या खोलीत शिरले आणि आतून कडी घातली. माझा मोबाइल वाजला.

"काका, बाईंना सांगा, मलाही ताप आहे."

निरोप सांगितलाच नाही; फोन स्पीकरवर टाकून बाईंच्या हातात दिला.

"कधीपासून?" पेशंटला विचारतात त्याच आवाजात बाईंनी विचारलं.

"रात्रीपासून."

"रात्री मी घरातच होते."

"हो."

मग बाईंचे नेहमीचे प्रश्न सुरू झाले. "रात्रीपासून कुणाला हात लावला? कुणाच्या जवळ बसलात, जेवलात?"

"नाही. बायको दुसऱ्या खोलीत झोपते. चहासुद्धा आम्ही आपापला करतो. तिला धोका नाही, तसं इस्पितळाला कळवा."

बाईंनी तसंच कळवलं. जवळच्या संपर्कात कोण, असं तिकडून विचारल्यावर म्हणाल्या, "कुणीच नाही."

"बरंच झालं म्हणायचं, बाई," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जीभ चावावीशी वाटली.

मग त्यांनी बंद दारापासून लांब स्टूल ठेवलं आणि पुन्हा फोन लावला.

"गाडी येईपर्यंत बोलत राहा."

"काय बोलू?"

"काहीही. भांड माझ्याशी."

आतून खोकल्याचा आवाज आला. मग डॉक्टरांनी अगदी पहिल्या भांडणापासून सुरुवात केली.